मीठ कुणी घालायचं?

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये ‘अळणी भाजी’ नावाचं एक प्रकरण आहे. बहुतेकांनी ते शाळकरी वयात वाचलेलं किंवा कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. घटना म्हणावी तर एवढीशी. आई पालेभाजी करते आणि तीत मीठ घालायचं राहून जातं. वडील जेवायला बसतात, त्यांच्या लक्षात येतं, पण ते तसं दाखवत नाहीत. त्यांच्याकडे बघून मुलंही गप्प जेवतात. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई जेवायला बसते, आणि तेव्हा तिला कळतं की भाजी अळणी झालीय. तिला फार वाईट वाटतं. रांधणाऱ्याचे कष्ट ओळखावेत, जिभेचे चोचले करू नयेत, आणि रांधणाऱ्यानं आपलं काम नीट व्हावं म्हणून झटावं, असा दोन्हीकडचा मोठेपणा गुरुजी त्यातून दाखवतात.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाचं मराठी घरांवरचं वजन वेगळं सांगायला नको. मी या प्रकरणाकडे पुन्हा वळलो त्याचं कारण मात्र घरगुती आहे. माझी भाची साडेतीन वर्षांची आहे आणि ‘काही खात नाही’ ही तिची नातेवाइकांमधली ओळख आहे. बहीण ऑफिसला जाते, मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो, आणि त्या दोन दिवशी तिचं दुपारचं जेवण माझ्याकडे असतं. मूल खात नसलं की आजूबाजूची माणसं सल्ले देतात, पुस्तकं सुचवतात, व्हिडिओ पाठवतात. ते सगळं वाचता-बघता मला असं वाटायला लागलं की मुलाला भरवण्याबद्दलचं आपलं हे साहित्य (गोष्टी, पाककृतींची पुस्तकं, सल्ले) एकदा साहित्य म्हणूनच वाचून बघावं. त्यात कोण बोलतं, कोण गप्प असतं, आणि पंगतीत कोण कुठे बसलेलं असतं?

‘अळणी भाजी’त मला आता सगळ्यात आधी दिसतो तो बसण्याचा क्रम. भाजीत मीठ नाही ही बातमी आईपर्यंत पोचायला अख्खं जेवण जावं लागतं, कारण आई शेवटी जेवते. ती सगळ्यांबरोबर बसली असती तर पहिल्या घासाला तिला कळलं असतं, तिनं मीठ आणलं असतं आणि गुरुजींना हे प्रकरण लिहिताच आलं नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चूक जितकी उशिरा कळते तितकी ती महाग पडते, म्हणून काम करणाऱ्याला लगेच उलट निरोप मिळेल अशी सोय आधी करतात. इथे निरोप द्यायची सोय आहे, पण तो न देणं हाच सद्गुण ठरलाय. वडील प्रेमानं गप्प बसतात हे खरंच आहे. पण आईला हवं काय होतं? तिला मीठ घालायचं होतं.

आणि मुलं? त्यांना भाजी आवडली नसणार. ती खातात, आणि त्यांचं न आवडणं कथेत कुठेच उमटत नाही. न आवडणं गिळून टाकणारं मूल हे आपल्या साहित्यातलं आदर्श मूल आहे. तोंड फिरवणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे आपल्याला दुसरीकडे शोधावं लागतं.

*

दुसरीकडे म्हणजे चिऊ-काऊकडे.

मुलाला भरवताना प्रत्येक घास कुणाच्या तरी नावानं द्यायचा, हा प्रकार महाराष्ट्रात आणि गोव्यात घराघरांत आहे. चिऊ, काऊ, मनीमाऊ आणि मग घरातली माणसं एकेक करून. त्याला जोडून येते ती मेणाच्या आणि शेणाच्या घरांची गोष्ट. पाऊस येतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दारात येऊन उभा राहतो आणि चिमणी आतून थांबायला सांगत राहते, कारण ती बाळाचं काही ना काही करतेय.

या गोष्टीची रचना बघण्यासारखी आहे. चिमणीची कारणं किती असावीत हे ठरलेलं नाही. बाळाला अंघोळ घालायचीय, पुसायचंय, अंगडं घालायचंय, तीट लावायचीय, निजवायचंय. वाटीत भात जास्त उरला असेल तर कारणं वाढतात, संपत आला असेल तर कावळा लवकर आत येतो. गोष्टीची लांबी वाटीवर अवलंबून असते. छापील पुस्तकात ही गोष्ट वाचताना ती पुनरुक्तीची आणि थोडी निर्दय वाटते, कारण तिच्यातून वाटी काढून घेतलेली असते.

या प्रकाराबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी म्हणाव्या लागतात. एक, ही युक्तीच आहे. मुलाचं लक्ष कावळ्याकडे जातं, तोंड उघडतं, घास आत जातो. पोट भरलंय की नाही हे मुलाचं त्याला कळायच्या आत वाटी संपवायची, हाच हेतू. दोन, गोष्ट सांगणाऱ्या माणसाला सतत मुलाच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. घास गिळला का, गालात धरून ठेवलाय का, डोळे मिटायला लागलेत का, हे बघूनच पुढचं कारण सुचवायचं असतं. सांगणारी थकली की गोष्ट संपते, आणि मूल फारच हटून बसलं तरीही संपते. म्हणजे युक्तीच्या आत एक ब्रेक बसवलेला आहे.

आता त्या जागी मोबाइल आलाय. मोबाइलवर टीका करणं फार सोपं आहे, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसून पगार घेणाऱ्या माझ्यासारख्यानं ती करणं शोभतही नाही. पण दोन्हींची तुलना केली की फरक नेमका दिसतो. व्हिडिओची लांबी वाटीवर ठरत नाही, एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. आणि त्यात मुलाकडे बघणारं कुणी उरत नाही, कारण भरवणाराही बहुतेकदा तोच व्हिडिओ बघत असतो. चिऊ-काऊच्या गोष्टीतला लबाडपणा मोबाइलनं तसाच ठेवला, ब्रेक तेवढा काढून टाकला.

*

तिसरं साहित्य पाककृतींचं. मराठीत ते जुनं आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. पण आपल्या घरांत पोचलं ते कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’, १९७०चं. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमध्ये जन्मलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाईंनी सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकून हे पुस्तक लिहिलं. त्यांचं मोठं काम म्हणजे प्रमाण. ‘अंदाजानं घाल’ या वाक्यापुढे हतबल होणाऱ्या नव्या मुलींना त्यांनी वाटी-चमच्यांचं माप दिलं. हे माप घरातलंच होतं, तराजू लागत नव्हता. सासू किंवा आई जवळ नसताना स्वयंपाक करता येणं, हे स्वातंत्र्य त्या मापानं अनेकींना दिलं. माझ्या बहिणीला लग्नात जे ‘रुचिरा’ मिळालं, ते तिच्यापेक्षा मीच जास्त वापरतो.

‘रुचिरा’शी माझं भांडण नाही. भांडण आहे ते पाककृती या प्रकाराशी. पाककृतीला सुरुवात असते साहित्यापासून आणि शेवट असतो पदार्थ तयार होण्यापाशी. फार तर गरमगरम वाढावं, असं एखादं वाक्य. त्यानंतर काय होतं, याच्याशी तिचा संबंध नाही. आम्ही प्रोग्राम लिहिताना, सगळं सुरळीत घडलं तर कुठून कुठे जायचं, त्या वाटेला ‘हॅपी पाथ’ म्हणतो. पाककृती म्हणजे नुसता हॅपी पाथ. भाजी तयार झाली, ताटात वाढली आणि ताटासमोरच्या माणसानं ओठ घट्ट मिटले, तर पुढचं पान नाही.

यातून एक परिणाम आपोआप होतो. पाककृतीत जबाबदार माणूस एकच असतो: करणारी. माप बरोबर, आच बरोबर, तर पदार्थ बरोबर. मग मूल खात नसेल तर कुठेतरी करणारीचंच चुकलं असणार. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा भाचीच्या ताटाकडे एकदा बघतो आणि मग बहिणीकडे बघतो. माझ्याकडे किंवा भावजींकडे बघत नाही. ‘तू केळफुलाची भाजी अशी करून बघ’ म्हणणाऱ्या मावशींच्या मनात वाईट काही नसतं. पण न खाण्याचं उत्तर नवी पाककृती, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. त्या एका वर्षात बहिणीनं ऑफिसमधून येऊन किती प्रकारची धिरडी केली त्याचा हिशेब नाही. भाचीनं त्यातली काही खाल्ली, काही नाही. बहीण मात्र बऱ्याचदा उभ्याउभ्या, ओट्याशी, भाचीच्या ताटातलं उरलेलं खाऊन जेवायची. तेही पुन्हा शेवटीच.

*

घरच्या रोजच्या स्वयंपाकात एक कृती आहे, तिला पाककृतीच्या पुस्तकांत स्वतंत्र नाव मिळत नाही. तिचं नाव ‘बाजूला काढून ठेवणं’.

कुकरमध्ये खाली वाटीभर तुरीची डाळ, हळद आणि हिंग, वरच्या भांड्यात तांदूळ. तीन-चार शिट्ट्या. डाळ घोटली की त्यातलं दोन डाव वरण मीठ घालून बाजूला काढायचं. हे लहान मुलाचं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं. उरलेल्यावर मोहरी, कढीपत्ता, मिरचीची फोडणी, आमसूल, गूळ, गोडा मसाला, आणि एक उकळी. ही आमटी बाकीच्यांची. एक कुकर, दोन पदार्थ, आणि जास्तीची मेहनत जवळजवळ शून्य. तसंच बटाट्याच्या भाजीचं: तिखट घालायच्या आधी चार फोडी बाजूला. काकडीच्या कोशिंबिरीचं: दाण्याचा कूट आणि मिरची कालवायच्या आधी चार चकत्या बाजूला. कणकेच्या शेवटच्या गोळ्याची छोटी पोळी, तिला तूप-गूळ लावून सुरळी.

वेगळा स्वयंपाक करणं आणि बाजूला काढणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मुलासाठी वेगळा पास्ता केला की मुलाचं जेवण आणि घराचं जेवण असे दोन संसार होतात, आणि दुसऱ्या संसारात यायचं मुलाला काही कारण उरत नाही. बाजूला काढलेलं वरण मात्र त्याच डाळीचं असतं. त्याला वाटीतल्या आमटीचा वास माहीत होतो, शेजारच्या ताटातला रंग दिसतो. कधीतरी बोट बुडवून बघता येतं.

मराठी ताटाची मांडणीही याच अंगाची आहे. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात. पदार्थ एकमेकांत मिसळून येत नाहीत. काय कशात कालवायचं, किती तिखट करायचं, लिंबू पिळायचं की नाही, हे जेवणारा ठरवतो. स्वयंपाकाचा शेवटचा भाग ताटात होतो, आणि तो जेवणाऱ्याच्या हातात असतो. मिठाची तर खास जागा आहे: पानात ते आधी वाढतात. ‘अळणी भाजी’ पुन्हा वाचताना मला ही गंमत वाटते, की ताटाच्या मांडणीनं ज्याची तरतूद करून ठेवलीय त्याची प्रकरणाच्या नीतीला परवानगी नाही.

*

याच मिठाचं एक उदाहरण फार लांबचं आहे. शिकागोतल्या बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२०च्या दशकात एक प्रयोग सुरू केला, आणि त्याचा आढावा १९३९ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात दिला. नुकतंच दूध सुटत असलेली पंधरा मुलं. त्यांना स्वतःचं जेवण स्वतः निवडू द्यायचं. समोर वेगवेगळ्या बशा: दूध, अंडी, मांस, मासे, शिजवलेली धान्यं, भाज्या, फळं. परिचारिकांनी काही सुचवायचं नाही, आग्रह करायचा नाही, मुलानं बोट दाखवलं तरच चमचा पुढे करायचा. पदार्थांत मीठ नव्हतं, ते वेगळ्या बशीत होतं. मुलं कधीकधी ते उचलून तोंडात टाकत, तोंड वाकडं करत, रडतही, आणि तरी पुन्हा घेत. प्रत्येक मुलाचं खाणं विचित्र आणि एकमेकांपेक्षा वेगळं होतं. तरीही सगळी चांगली वाढली.

हा प्रयोग ‘मुलाला हवं ते खाऊ द्या’ असं म्हणायला वापरला जातो, ते डेव्हिस यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. साखर, डबाबंद, बाजारात तयार झालेलं असं काही त्यात नव्हतंच. काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं. त्यातलं काय आणि किती, ते मुलांनी.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हेच नियमाच्या रूपात मांडलं. त्यांचं ‘चाइल्ड ऑफ माइन’ हे पुस्तक १९८३ सालचं. काय, कधी आणि कुठे, हे मोठ्यांचं काम. खायचं की नाही आणि किती, हे मुलाचं. आजकालचे बरेच सल्ले या वाटणीवरून निघालेले आहेत. तिच्यामागची कारणंही साधी आहेत. मूल पहिल्या वर्षात साधारण तिप्पट वजनाचं होतं, तीनाचं नऊ किलो. दुसऱ्या वर्षात त्यात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग इतका कमी झाला की भूकही कमी होणार. जे आपल्याला अचानक सुरू झालेले नखरे वाटतात त्यांत बराच वाटा या हिशेबाचा असतो. शिवाय दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटणं नेहमीचं आहे. ती जायला तो पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, जबरदस्ती न होता.

सॅटर यांचं म्हणणं मला पटतं. पण त्यांच्या नियमात एक घर गृहीत आहे. तिथे संध्याकाळी ठरलेल्या वेळी टेबल मांडलं जातं आणि सगळे त्याभोवती बसतात. आमच्या सोसायटीत संध्याकाळी साडेसात वाजता मुलांना जेवायला घालतात त्या आज्या आणि सांभाळणाऱ्या ताया. आई-वडील तेव्हा रस्त्यावर असतात किंवा अमेरिकेबरोबरच्या कॉलवर. ‘काय, कधी, कुठे’ ठरवणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष समोर बसलेली व्यक्ती एक नसतात. सांभाळणाऱ्या ताईला तर मुलाला ‘किती’ ठरवू देण्याची मुभाच नसते, कारण रात्री डबा परत गेला की तिला उत्तर द्यावं लागतं. ‘बाळाचं आधी उरकून घेऊ’ या वाक्यातून जे घडतं ते असं: मूल एकटं जेवतं आणि एक-दोन मोठी माणसं त्याच्यासमोर, न जेवता, त्याच्याकडे बघत बसतात. भेंडी खाणारा माणूस त्या मुलाला आठवडाभरात एकदाही दिसत नाही.

माझ्या दोन दिवसांत मी एवढंच केलं की माझं ताट तिच्या ताटाशेजारी मांडलं आणि जेवलो. यात थोरपणा काही नाही, मला तेवढीच सुट्टी असते. तिच्या ताटातल्या भेंडीला ती हात लावत नाही. माझ्या ताटातली मात्र कधीकधी उचलते, चावते, अर्धी परत ठेवते. दुधीच्या बाबतीत तेही नाही. वरण-भात, तूप, काकडी आणि पोळीची सुरळी यांवर तिचं बरं चाललंय, आणि तिचं वजन डॉक्टरांच्या तक्त्यात जिथे असायला हवं तिथे आहे.

*

इथे माझ्या आईचं म्हणणं नोंदवायला हवं, कारण ते वजनदार आहे. आई म्हणजे भाचीची आजी. ती म्हणते, “पानातलं टाकायचं नाही. किती का लहान असेना.” १९७२च्या दुष्काळात ती सहा वर्षांची होती, सोलापूर जिल्ह्यात. दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी तिला आठवते, आणि बाहेरून आलेल्या लाल मिलोची भाकरी आठवते. “आवडायची का?” असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “अरे, तसं कुणी विचारत नव्हतं.”

आवड हा प्रश्न विचारला जायला घरात आधी दुसऱ्या घासाची खात्री असावी लागते. ‘खात नाही’ ही तक्रार आणि ‘खायला नाही’ ही अवस्था एकाच राज्यात शेजारी-शेजारी आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानानं खुजी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचं प्रमाण ६८.९ टक्के होतं. लोह कमी असलं की भूक मंदावते, म्हणजे कमी खाणारं मूल हट्टी असेलच असं नाही, ते आजारीही असू शकतं. वजन वाढत नसेल, घास अडकत असेल, खाण्यातले पदार्थ दिवसेंदिवस कमीच होत असतील, तर तिथे ना चिऊ-काऊ कामाचे, ना सॅटर. तिथे डॉक्टर हवा.

पण आईच्या नियमाचा एक दुसरा अर्धा भाग आहे, तो ती स्वतःच वाढताना बोलते: “थोडं घे, लागलं तर परत घे.” हे दोन्ही अर्धे एकत्र धरले तर नियम न्यायाचा आहे. टाकायचं नाही, पण घ्यायचं किती ते तू ठरव. मुलाच्या बाबतीत आपण पहिला अर्धा ठेवतो आणि दुसरा विसरतो. वाढतो आपण, आपल्या अंदाजानं, आपल्या काळजीच्या मापानं, आणि संपवायचं त्यानं. आग्रहाला आपल्याकडे प्रेमाची खूण मानतात. पण आग्रह मोडून काढायची भाषा मोठ्यांना येते, ताटावर हात आडवा धरता येतो. साडेतीन वर्षांच्या माणसाकडे मिटलेले ओठच असतात.

*

सध्याच्या साहित्यात सगळ्यात जोरात असलेला प्रकार म्हणजे लपवलेल्या भाज्या. मुलांना कळणारसुद्धा नाही, अशी हमी देत बीट पॅनकेकमध्ये, पालक सॉसमध्ये, दुधी कटलेटमध्ये जातो. दिसायला ही दुधीच्या थालीपिठाचीच नवी आवृत्ती वाटते, पण तसं नाही. थालीपिठाचं नाव घेताना आपण ‘दुधीचं’ म्हणतो, मुलासमोर दुधी किसतो. लपवलेल्या भाजीत जीवनसत्त्वं पोटात जातात हे खरं, पण दुधीशी ओळख होत नाही. आणि एक दिवस मुलाला कळतं. तेव्हा त्याचा विश्वास उडतो तो कटलेटवरचा. काल खाल्लेलाही पदार्थ मग ते संशयानं उलटून बघायला लागतं.

या व्हिडिओंत ‘अळणी भाजी’ची बरोबर उलटी आकृती दिसते. तिथे खाणारा जाणतो आणि करणारीपासून लपवतो. इथे करणारी जाणते आणि खाणाऱ्यापासून लपवते. दोन्हीकडे हेतू प्रेमाचाच आहे, आणि दोन्हीकडे ताटाच्या दोन बाजूंना बसलेली माणसं एकमेकांना खरं सांगत नाहीत.

मुलाचं ‘नको’ ही माहिती आहे, एवढं धरून लिहिलेलं पाककृतींचं पुस्तक मला वाचायला आवडेल. त्यात प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळी जास्त असाव्यात: बाजूला काय आणि कधी काढायचं, आणि करणाऱ्यानं कधी जेवायला बसायचं. दुसरी ओळ सगळीकडे एकच असली तरी चालेल. सगळ्यांबरोबर. आमच्याकडे ती ओळ अजून रोज पाळली जात नाही. बहिणीचा कॉल असतो, भावजींना उशीर होतो, आईला पोळ्या गरम वाढायच्या असतात. रविवारी दुपारी मात्र पोळ्या आधीच करून डब्यात ठेवायच्या, असं आम्ही ठरवलंय. पहिल्या रविवारी पोळ्या गार आहेत, असं आईनं तीनदा सांगितलं. आमटीत मीठ कमी होतं, ते बहिणीनं बसल्या जागी सांगितलं, आणि मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली ती भाचीनं.